अस्तराचा लेस ड्रेस घरी शिवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या क्लासमध्ये पैठणीच्या ब्लाउजांबरोबर लेसच्या ड्रेसची विचारणा सुरू होते. कुणाला रिसेप्शनला घालायचा असतो, कुणाला कॉलेजच्या निरोप समारंभाला. मी नाशिकला सिडकोत राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत शिवण शिकवते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न वहीत टिपून ठेवले होते, ते उत्तरांसकट इथे देते आहे. मापं इंचांत आहेत, कारण टेप आपण इंचांतच वाचतो. कापड मीटरमध्ये आहे, कारण दुकानात ते तसंच मोजून मिळतं.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढची बहुतेक उत्तरं तिच्यातूनच निघतात. शिवायचा असतो तो अस्तराचा ड्रेस, लेस त्याच्यावर बसवायची असते. फिटिंग, वजन, शिवणीवरचा ताण हे सगळं अस्तर पेलतं. लेस कितीही भारी आणा, अस्तर हलकं लावलं की ड्रेस अंगावर बसत नाही.

ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवता येतो. एवढ्यावर लेसचा ड्रेस जमेल का?

जमेल. अस्तराचा ब्लाउज नीट शिवत असाल तर अर्धं काम तुमच्या हाताला ठाऊक आहे. नवीन गोष्टी तीनच आहेत. लेसला साध्या कापडासारखा उभा-आडवा धागा नसतो. ती आरपार दिसते, त्यामुळे आतली शिवण आणि माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड, बाहेरून डोकावते. आणि नक्षी दोन्ही बाजूंना सारखी यावी लागते. पहिलाच प्रयत्न असेल आणि धीर होत नसेल तर आधी हकोबाचा ड्रेस शिवा. हकोबा म्हणजे सुती कापडावर भोकांचं भरतकाम. ते सरकत नाही, साध्या सुती कापडासारखं कापता येतं, आणि अस्तराचा सराव मात्र पूर्ण होतो.

दुकानात नेट, जीपीओ, केमिकल, दोरीची लेस अशी नावं ऐकून गोंधळ होतो. कोणती घ्यावी?

नावांपेक्षा हाताला कशी लागते ते बघा, पण नावांचा अर्थ माहीत असलेला बरा. नेटची लेस म्हणजे बारीक जाळीत फुलापानांची नक्षी. ती मऊ असते, अंगावर छान पडते, पण ताणली जाते. हातच्या लेससारखी पीळ दिलेली जाळी यंत्रावर विणायची युक्ती इंग्लंडच्या जॉन हीथकोटने १८०८-०९च्या सुमाराला काढली, तोपर्यंत असली जाळी हातानेच व्हायची. दोरीची लेस म्हणजे त्याच जाळीवर नक्षीच्या कडेने जाड दोरा फिरवलेला. ती दिसायला भरदार असते, फक्त तो दोरा शिवणीत आला की सुई अडखळते.

जीपीओ हा शब्द ऐकून पोस्ट ऑफिस आठवतं, पण तो ‘गिप्यूर’ या फ्रेंच शब्दाचा आपल्या बाजाराने केलेला उच्चार आहे. तिलाच केमिकल लेसही म्हणतात. या लेसला मागे जाळी नसते. आधी एका कापडावर दाट भरतकाम करतात आणि मग ते कापडच विरघळवून टाकतात. उरतो तो फक्त धाग्यांचा सांगाडा, फुलाला फूल जोडलेला. असलं भरतकाम करणारं शिफली यंत्र स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीने १८६३ मध्ये बनवलं. जीपीओ जड असते, पण तिचे धागे सुटत नाहीत, शिवण लपवायला ती फार सोयीची आणि नवशिक्यांच्या हातात नेटपेक्षा लवकर येते. सरळ, कमी घेराच्या ड्रेसला ती घ्या. चुण्या किंवा भरपूर घेर हवा असेल तर नेटची.

टिकल्या-मणी भरलेली लेस पहिल्यांदा घेऊ नका. शिवणीच्या रेषेवरची प्रत्येक टिकली हाताने काढावी लागते, नाहीतर सुई तुटते.

नाशिकमध्ये कुठे बघू?

मेन रोड, दहीपूल, शालिमार हा भाग चालत फिरा. लेस एका दुकानात आणि अस्तर दुसऱ्याच दुकानात मिळणार, हे धरूनच निघा. टेलरिंग मटेरियलच्या दुकानातून सुया, चेन आणि दोरा त्याच फेरीत आणा. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. गर्दीत ठाण उलगडून बघायला मिळत नाही आणि लेस उलगडून न बघता घेण्यात अर्थ नाही. नक्षी किती इंचांनी पुन्हा येते, मध्ये जाळी फाटलेली आहे का, दोन्ही काठांना कंगोरे, म्हणजे कडेची अर्धगोल नक्षी, आहेत की एकाच, हे तिथेच तपासायचं.

कापड किती लागेल?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून एक हिशेब पूर्ण मांडते. छाती ३६, खांद्यापासून उंची ४०, खाली दोन्ही भाग प्रत्येकी ३० इंच रुंद, कोपरापर्यंत बाही. लेसचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४ इंच.

लेस नेहमीसारखी उभी कापली तर पुढचा आणि मागचा भाग शेजारी शेजारी मावत नाहीत. म्हणजे एकाखाली एक. मायेसकट प्रत्येकी ४३ इंच, दोन्हींचे ८६. दोन्ही बाह्या एकाच ओळीत बसतात, त्यांचे १४. झाले १००. त्यात नक्षी जुळवण्यासाठी एका आवर्तनाची उंची मिळवायची. नक्षी १२ इंचांनी पुन्हा येत असेल तर ११२ इंच, म्हणजे २.८४ मीटर. ३ मीटर घ्या.

आता कंगोरे. बहुतेकांना लेसचा कंगोऱ्यांचा काठच खाली घेरावर हवा असतो, आणि तिथेच हा हिशेब बदलतो. कंगोरे ठाणाच्या लांबीने जातात. ते खाली आणायचे तर ड्रेसची उंची पन्ह्यात बसवावी लागते. आपल्या ड्रेसला खाली दुमडायचं नाही, म्हणून उंची साडेएक्केचाळीस, ४४च्या पन्ह्यात मावते. ड्रेस त्याहून लांब हवा असेल तर मावणार नाही, तेव्हा कमरेला जोड द्यावा लागतो. रुंदीने दोन्ही भाग मायेसह ३२ आणि ३२, बाह्यांनाही कंगोरे हवे तर १६ आणि १६. एकूण ९६, वर आवर्तनाचे १२, म्हणजे १०८ इंच. पावणेतीन मीटर.

आणखी एक अडचण आहे. कंगोऱ्यांचा काठ सरळ रेषेत असतो, पण पसरत जाणाऱ्या घेराची खालची कड गोलाईत कापावी लागते. दोन्हींचं जमत नाही. म्हणून कंगोरे हवे असतील तर स्कर्ट सरळ ठेवून कमरेला चुण्या द्या. पसरता घेरच हवा असेल तर कंगोऱ्यांची पट्टी कापून काढा आणि गोलाईवर नंतर हाताने बसवा.

अस्तराला बाह्या धरल्या नाहीत तर ८६ इंच आणि आटण्यासाठी थोडं जास्त, म्हणजे अडीच मीटर पुरतं.

अस्तर कोणत्या कापडाचं लावू?

नाशिकच्या हवेचा विचार करून सांगते. एप्रिल-मेच्या लग्नात पारा चाळिशीला टेकतो, आणि वरची लेस बहुधा नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची. अंगाला लागणारं कापड तरी सुती असू द्या. टू बाय टू रुबिया हे माझं पहिलं उत्तर आहे. ते पातळ असून घट्ट विणलेलं असतं, कापताना हलत नाही आणि शिवण धरून ठेवतं. मलमल त्याहून मऊ, पण एकेरी लावली तर आरपार दिसते आणि ताण सोसत नाही.

शांतून आणि क्रेप डिसेंबर-जानेवारीच्या समारंभाला चांगले. पडतात छान, पायाला चिकटत नाहीत, स्कर्टला उत्तम. वरच्या भागाला रुबिया आणि स्कर्टला क्रेप असं मी पुष्कळदा करते, रंग तेवढा एक असला पाहिजे. सॅटिनची चमक जाळीतून झिरपते आणि फोटोत लेसची नक्षी हरवते. शिवाय शिवण उसवली तर सुईची भोकं तशीच राहतात. सॅटिन लावायचंच असेल तर मॅट बाजू वर ठेवा.

अस्तराचा रंग लेसचाच घ्यायचा की स्किन कलर?

लेसच्याच रंगाचं अस्तर लावलं की ड्रेस शांत दिसतो, देवळात-घरात कुठेही चालतो. गडद लेसखाली फिकट अस्तर लावलं की नक्षी उठून दिसते: काळ्या लेसखाली काजू रंग, बाटली हिरव्याखाली सोनेरी. पांढऱ्या लेसखाली पांढरंशुभ्र अस्तर लावू नका. दोन पांढरे कधी जुळत नाहीत, त्यातला एक पिवळट दिसतो. त्यापेक्षा सरळ मोतिया किंवा हस्तिदंती रंग घ्या.

स्किन कलरबद्दल मला मनापासून वाटतं ते लिहिते. दुकानात ‘स्किन’ म्हणून जे ठाण काढतात तो एक ठरलेला गुलाबट-पिवळा रंग असतो, आणि आपल्यापैकी बहुतेकींच्या त्वचेचा तो रंगच नाही. माझ्या क्लासमधली एक मुलगी असं अस्तर घेऊन आली आणि हिरमुसून म्हणाली, “मॅडम, मी सावळी आहे म्हणून मला लेस शोभणार नाही.” मी तिच्या कोपराच्या आतल्या बाजूवर तिच्या लेसचा तुकडा ठेवला, त्याखाली एकेक करून माझ्याकडच्या चिंध्या सरकवल्या. बिस्किट, मग दुधाच्या चहाचा रंग, मग कोऱ्या चहाच्या अलीकडचा तपकिरी. तिसऱ्या चिंधीला कड दिसेनाशी झाली. चिंधी संपते कुठे आणि हात सुरू होतो कुठे ते कळेना. तिचा स्किन कलर तो. तुम्हीही असंच करा. लेसचा तुकडा बरोबर न्या आणि ठाण दाराशी उजेडात नेऊन बघा. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली तपकिरी रंग राखाडी दिसतात.

अस्तर आधी भिजवायलाच हवं का?

हो. सुती अस्तर रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, न पिळता सावलीत वाळवा, किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. सुती कापड मीटरमागे ३-४ सेंटीमीटर सहज आटतं. नायलॉन-पॉलिएस्टरची लेस जवळजवळ आटत नाही. त्यामुळे न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आखडतं आणि वरची लेस तशीच राहते.

माझ्या धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याचा ड्रेस मी घाईत न भिजवता शिवला होता. त्या दिवशी सुरेख बसला. पहिल्या धुण्यानंतर कमरेपाशी लेसला फुगे आले, चेनच्या दोन्ही बाजू लाटांसारख्या झाल्या. उसवून परत शिवायला गेले तर जाळी ठिकठिकाणी फाटली. तिने तो ड्रेस पुन्हा घातला नाही, मला त्याचं अजून वाईट वाटतं. एक रात्र कापड भिजवलं असतं तर तो ड्रेस आज तिच्या मुलीला आला असता.

लेसही एकदा गार पाण्यातून काढून आडवी वाळवा. तिची खळ निघून जाते आणि खरा पोत कळतो.

अस्तर लेसला जोडूनच शिवायचं की आत सुटं ठेवायचं?

दोन्ही रीती बरोबर आहेत, जागा वेगवेगळी आहे.

जोडून शिवणं म्हणजे लेस आणि अस्तराचा प्रत्येक भाग एकमेकांवर ठेवून, कडेने कच्चा टाका घालून, पुढे एकच कापड समजून शिवणं. अस्तराच्या ब्लाउजला आपण हेच करतो. टक्स, म्हणजे फिटिंगसाठी घेतलेले चिमटे, दोन्हींचे एकदम पडतात आणि ताण सगळा अस्तर घेतं. लेसमधून माया दिसत नाही, कारण ती अस्तराच्या मागे जाते. अंगाबरोबर बसणाऱ्या वरच्या भागाला हीच रीत.

सुटं अस्तर म्हणजे आत एक पूर्ण ड्रेस, बाहेर लेसचा दुसरा, दोन्ही गळ्याला, मुंढ्याला (बाही जोडतात तिथे) आणि चेनपाशी जोडलेले. चालताना लेस स्वतंत्र हलते, ती हलती लेस फार सुंदर दिसते. स्कर्टला ही रीत घ्या. जोडून शिवलेला स्कर्ट घेरापाशी पुठ्ठ्यासारखा ताठ होतो आणि लेस व अस्तर वेगवेगळं लोंबल्यामुळे खाली झोळ येतो.

म्हणून मी दोन्ही एकत्र शिकवते: कमरेच्या वर जोडून, कमरेच्या खाली सुटं. कमरेची शिवण दोन्हींना बांधून ठेवते.

जोडताना एक काळजी घ्या. टेबलावर आधी अस्तर, सुलट बाजू वर. त्यावर लेस, सुलट बाजू वर. तळहाताने मधून कडेकडे सारखी करायची, ओढायची नाही. ताणून टाकलेली लेस टाका घालेपर्यंत गप्प राहते आणि उचलली की अस्तराला गोळा करते. कच्चा टाका कडेने घातल्यावर टक्सच्या मधल्या रेषेवरूनही घाला, नाहीतर टक्स शिवताना लेस आत निसटते.

आणि हे सगळं करण्याआधी नुसतं अस्तर कच्चं शिवून अंगावर घालून बघा. खाली बसा, हात वर करा, वाकून चप्पल घाला. जे काही घट्ट-सैल असेल ते अस्तरावर दुरुस्त करा, मग उसवून तेच भाग लेस कापायला नमुना म्हणून वापरा. चेन लावणार असाल तर छातीला २ इंच सैल पुरे. चेन नसेल तर ४ इंच तरी हवेत.

कापताना लेस सरकते आणि नक्षी जुळत नाही. काय करू?

घडीवर कापू नका. लेस एकेरी पसरा, कागदी नमुना अर्धा न ठेवता पूर्ण करून घ्या. खाली गडद रंगाची चादर अंथरली की फिकट लेसची नक्षी स्पष्ट दिसते. आधी पुढचा भाग ठेवा. मोठं फूल नेमकं छातीच्या टोकावर येऊ देऊ नका, मधल्या रेषेवर किंवा वर खांद्याकडे येऊ द्या. मग मागचा भाग, कडेच्या शिवणीला नक्षी एकाच उंचीवर येईल असा. दुसरी बाही पहिलीचा आरसा झाली पाहिजे, म्हणून पहिली कापलेली बाही उलटी करून लेसवर ठेवा आणि तीच फुलं शोधा.

खडू जाळीतून गळून जातो. खुणा रंगीत दोऱ्याने करा. टाचण्याही निसटतात, मोठ्या डोक्याच्या घ्या किंवा वह्यांना लावतो तसल्या क्लिपा चालतात. माया सगळीकडे १ इंच सोडा. नंतर कापता येते, वाढवता येत नाही.

मशीन लेस खाली ओढून घेते, दोरा गोळा होतो. मशीनमध्ये बिघाड आहे का?

बहुतेक वेळा नाही. सुई बदला. नेटला ९ नंबर, जीपीओला ११. नेहमीची १६ नंबरची सुई जाळी तोडते. टाका मध्यम ठेवा, साधारण इंचाला १० ते १२. सुरुवात कडेपासून न करता एका चिंधीवर चार टाके घालून तसंच पुढे लेसवर या. दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा, नाहीतर पहिल्याच टाक्याला ती आत खेचली जातात. मागे-पुढे टीप मारून पक्कं करू नका, तिथे गाठ होऊन भोक पडतं. टोकं लांब सोडा आणि हाताने गाठ मारा.

तरीही ओढत असेल तर लेसखाली बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा. वर्तमानपत्र वापरू नका, शाई लागते. आणि झिगझॅग नसलेली जुनी काळी पायमशीन असली तरी काहीही अडत नाही. पायाने वेग आवरता येतो, म्हणून लेसला ती मला मोटरच्या मशीनपेक्षा आवडते.

सुट्या स्कर्टची आणि बाहीची शिवण आरपार दिसते. ती सुबक कशी करायची?

नेटला दुहेरी बंद शिवण. आठ सूत म्हणजे एक इंच, त्या हिशेबाने पाच सूत माया ठेवा. लेसच्या उलट बाजू आतल्या बाजूला ठेवून, म्हणजे सुलट बाजू बाहेर, कडेपासून दोन सुतांवर टीप मारा. माया कापून एक सूत करा. मग कापड पालटून सुलट बाजू आत घ्या, घडी बोटांनी दाबा आणि तीन सुतांवर दुसरी टीप मारा. कच्ची कड आत बंद झाली. बाहेरून फक्त बारीक दोरीसारखी रेघ दिसते.

जीपीओला ही शिवण जाड होते. तिथे एक जुनी रीत आहे, वेळ खाते पण शिवण शोधून सापडत नाही. एका भागाची कड फुलांच्या आकाराने कापायची, ती दुसऱ्या भागावर चढवायची आणि फुलांच्या कडेने बारीक हातशिलाई घालायची. खालची जास्तीची लेस नंतर कापून टाकायची. दोरा लेसच्याच रंगाचा, एकेरी. दोन्ही कडेच्या शिवणींना मिळून दोन दुपारी जातात.

गळ्याला काय करू?

अस्तरच पालटा. लेस आणि अस्तराच्या सुलट बाजू समोरासमोर, गळ्याच्या रेषेवर टीप, गोलाईत कात्रीने छोट्या चिरा, मग अस्तर आत. पालटल्यावर अस्तर आणि माया एकत्र धरून आतून एक टीप मारा, म्हणजे अस्तर बाहेर डोकावत नाही. ही पद्धत सुट्या अस्तराची झाली. वरचा भाग जोडून शिवला असेल तर अस्तराच्याच कापडाची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावून आत हाताने शिवा. वर अस्तर नको, खांदे उघड्या लेसचे हवेत असं असेल तर त्याच रंगाच्या नेटची उरेब पट्टी घ्या, कापडाची पट्टी तिथे ठसठशीत दिसते.

चेन लेसमध्ये अडकते.

कन्सिल, म्हणजे शिवणीत लपणारी, चेन घ्या, पाठीला २० ते २२ इंची. ती लेस आणि अस्तर जोडलेल्या भागात लावायची, नुसत्या लेसमध्ये लावली तर वजनाने लोंबते. आधी दोन्ही कडांना रुबियाची पाऊण इंची पट्टी आतून टाचून घ्या. दातांपासून लेस एक सूत लांब ठेवा. कमरेच्या खाली चेन फक्त लेसला आणि अस्तराला वेगवेगळी जोडायची म्हणजे स्कर्ट सुटा राहतो. चेनच्या वर एक हूक लावायला विसरू नका, सगळा ताण तिथे येतो.

बाह्यांना अस्तर हवं का?

नको. उघड्या लेसच्या बाह्या छान दिसतात. दंडाला घट्ट होत असेल तर एक इंच सैल ठेवा, नेट घामाने अंगाला चिकटतं.

अस्तराची उंची किती ठेवू?

लेसपेक्षा १ इंच कमी, कंगोरे असतील तर त्यांच्या खोलीइतकी कमी. ड्रेस एक पूर्ण रात्र हँगरला लावून ठेवा आणि मगच खालची कड दुमडा. घेराचा तिरका भाग रात्रीत खाली उतरतो.

लहान मुलीला लेस टोचते, ती घालायलाच तयार नसते.

नाशिकरोडच्या एक ताई मुलीच्या पहिल्या कम्युनियनचा (चर्चमधल्या विधीचा) पांढरा फ्रॉक शिवायला माझ्याकडे आल्या होत्या. तयार फ्रॉक आणला होता, पण मुलगी दहा मिनिटांत रडायला लागायची. मी तो उलटा केला. काखेत लेसची कापलेली माया चार पदरी जमली होती, नायलॉनची टोकं दाढीच्या खुंटांसारखी उभी. मुलीच्या काखेत लाल रेघ उठली होती. आम्ही नवा फ्रॉक केला तेव्हा मुंढ्याची माया दोन सुतांवर कापली आणि तिच्यावर मलमलीची उरेब पट्टी बसवली. गळ्याला आणि कमरेला तेच. अस्तर सुटं, सगळ्या शिवणी लेसच्या बाजूला तोंड करून, म्हणजे अंगाला फक्त गुळगुळीत मलमल. मुलीने घालून हात वर केले, खाली केले, गोल फिरली आणि खेळायला निघून गेली. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

लहान मुलांच्या ड्रेसला सगळ्या कडा आतून बांधा. पाठीला चेनऐवजी कापडी बटणं चांगली.

इस्त्री?

आधी चिंधीवर बघा. लेसचा एक धागा काढून स्टीलच्या ताटलीवर जाळला तर कळतं: राख झाली तर सुती, कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. नायलॉन दोनशे अंशांच्या थोडं वर वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडून इस्त्रीला चिकटतं. इस्त्रीवरच्या एका ठिपक्याचा अर्थ साधारण ११० अंश, तेवढ्यावरच ठेवा, मध्ये सुती रुमाल घाला. जीपीओ उलटी करून जाड टॉवेलवर ठेवा म्हणजे तिची उठावदार फुलं चपटी होत नाहीत.

किती दिवस लागतात?

पहिला ड्रेस असेल तर समारंभाच्या तीन आठवडे आधी कापड घरात हवं. भिजवणं, कच्चं अस्तर, हातशिलाई आणि एक रात्र लटकवणं हे घाईत होत नाही.

धुवायचा कसा, आणि कुठे फाटला तर?

हाताने, गार पाण्यात, चेन लावून, उशीच्या अभ्र्यात घालून. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत आडवा वाळवायचा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती अस्तराला बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवा.

कापताना उरलेले लेसचे तुकडे टाकू नका. बांगडी अडकून जाळी फाटली तर तुकड्यातलं एक फूल कडेने कापून फाटक्या जागेवर ठेवायचं, बारीक टाक्यांनी शिवायचं आणि मागची फाटकी जाळी कापून टाकायची. कुठे फाटलं होतं ते तुम्हालाही नंतर सापडणार नाही. मी प्रत्येक ड्रेसबरोबर असे चार-पाच तुकडे, सव्वा मीटर तोच दोरा आणि एक जादा हूक लहान सुती पिशवीत घालून हँगरलाच बांधून देते.